ग्लुटेनमुक्त पेये

ग्लुटेनमुक्त पेये : गहू, जव (सातू) व राय या तृणधान्यांतील ग्लुटेन नावाचे प्रथिन ज्यांत नसते किंवा ठरवून दिलेल्या अत्यल्प मर्यादेपेक्षा अधिक नसते, अशा पेयांना ग्लुटेनमुक्त पेये म्हणतात. सीलिॲक रोग जडलेल्या व्यक्तीला आयुष्यभर ग्लुटेन वर्ज्य करावे लागते. पोळी, पाव, बिस्किटे यांतील गहू उघड असतो व तो टाळता येतो. पेयातील धान्य मात्र दळलेले, उकळलेले, गाळलेले किंवा आंबविलेले असल्यामुळे सहसा लक्षात येत नाही. शिवाय आजाऱ्याला शक्ती यावी म्हणून परंपरेने दिली जाणारी जवाचे पाणी, गव्हाचे सत्त्व, माल्टयुक्त दूध यांसारखी पेयेच या रोगात अपायकारक ठरतात. उलट साधे ताक किंवा उसाचा रस ग्लुटेनच्या दृष्टीने निर्धोक असतो. त्यामुळे पेय पौष्टिक आहे किंवा नाही, घरचे आहे की विकतचे, यांपेक्षा ते कोणत्या धान्यापासून केले आहे व कोणत्या धान्याच्या संपर्कात आले आहे, यांवर त्याची निवड अवलंबून असते. प्रस्तुत नोंदीत या निवडीची तत्त्वे दिली असून ज्वारी-बाजरीचा प्रदेश असलेल्या मराठवाड्यातील जालना जिल्ह्याच्या नेहमीच्या पेयांना ती लावून दाखविली आहेत.

रोगाचे स्वरूप : सीलिॲक रोग हा आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या व्यक्तींत ग्लुटेनच्या सेवनामुळे उद्‌भवणारा लघ्वांत्राचा (लहान आतड्याचा) विकार आहे. गव्हातील ग्लायाडीन व ग्लुटेनीन, जवातील होर्डीन आणि रायमधील सेकॅलीन या प्रथिनांचे शरीरातील एंझाइमांकडून (रासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांकडून) पूर्ण पचन होत नाही. त्यांचे उरलेले तुकडे आतड्याच्या अस्तरात शिरले की, रोगप्रतिकारक यंत्रणा त्यांना परके समजून त्यांच्यावर व त्याबरोबरच शरीराच्या स्वतःच्या ऊतकांवरही (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकासमूहांवरही) हल्ला करते. त्यामुळे अन्नरस शोषून घेणारे बोटांसारखे सूक्ष्म रसांकुर झिजून सपाट होतात. परिणामी दीर्घकाळ अतिसार, पोट फुगणे, वजन घटणे, मुलांची वाढ खुंटणे, लोहाच्या अभावामुळे होणारा रक्तक्षय, अस्थिविरलता (हाडे विरळ व ठिसूळ होणे) इ. लक्षणे दिसतात. काही रुग्णांत पोटाची तक्रार मुळीच नसते आणि औषधाने न हटणारा रक्तक्षय किंवा मुलाचे खुजेपण हेच एकमेव लक्षण असते. गव्हाची ॲलर्जी हा यापेक्षा निराळा विकार होय.

रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांची तपासणी आणि आद्यांत्राच्या (लघ्वांत्राच्या सुरुवातीच्या भागाच्या) अस्तराचा सूक्ष्म तुकडा काढून केलेली परीक्षा यांवरून रोगाचे निदान करतात. या तपासण्या होण्यापूर्वीच गहू बंद केल्यास रसांकुर भरून येऊ लागतात, प्रतिपिंडे कमी होतात व निदान चुकण्याचा संभव असतो. म्हणून केवळ संशयावरून पथ्य सुरू करू नये. रोग बरा करणारे औषध उपलब्ध नाही; ग्लुटेन कायमचे वर्ज्य करणे हाच उपचार असून त्यामुळे बहुतेक रुग्णांचे आतडे काही महिन्यांत ते काही वर्षांत पूर्ववत होते.

जगाच्या लोकसंख्येत या रोगाचे प्रमाण सु. १ टक्का आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीत ते उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्य भारतात ०.८७ टक्के व दक्षिण भारतात ०.१० टक्के आढळले. रोगाला अनुकूल अशी जनुके या तिन्ही प्रदेशांत सारख्याच प्रमाणात होती; गव्हाचे सेवन मात्र उत्तरेत कितीतरी अधिक होते. ज्या प्रदेशांत भाकरीची जागा पोळी घेत आहे, तेथे या निष्कर्षाला विशेष महत्त्व आहे.

ऐतिहासिक माहिती : इ. स. दुसऱ्या शतकात कॅपाडोशियाचे आरेटीअस या ग्रीक वैद्यांनी अशा रुग्णांचे वर्णन केले होते. रोगाचे नावही ‘पोटासंबंधीचा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. इंग्रज वैद्य सॅम्युएल गी (१८३९–१९११) यांनी १८८८ मध्ये रोगाचे आधुनिक वर्णन प्रसिद्ध केले व तो बरा व्हायचा असेल, तर आहारानेच होईल असे मत मांडले. १९२४ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ञ सिडनी हास यांनी केळ्यांवर भर असलेला आहार सुचविला. त्याचा गुण येत असे. पण तो केळ्यांमुळे नसून पाव वर्ज्य केल्यामुळे येतो, हे त्या वेळी कळलेले नव्हते.

खरे कारण नेदर्लंड्‌समधील बालरोगतज्ञ व्हिलेम कारेल डिके (१९०५–६२) यांनी सिद्ध केले. गव्हाविषयी त्यांना आधीपासूनच संशय होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला. इतर मुले उपासमारीने खंगत असताना सीलिॲक रोगाची मुले सुधारत होती आणि पाव पुन्हा मिळू लागताच ती पुन्हा आजारी पडली. या निरीक्षणाला पद्धतशीर प्रयोगांची जोड देऊन डिके यांनी १९५० मध्ये आपला प्रबंध सादर केला. १९५४ मध्ये जे. डब्ल्यू. पॉली यांनी रुग्णांच्या आतड्यातील रसांकुर झिजलेले असल्याचे दाखवून दिले. १९९७ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी रुग्णांची प्रतिपिंडे ऊतकातील ट्रान्सग्लुटामिनेज या एंझाइमाविरुद्ध असतात असे शोधून काढले. रक्ताची सध्याची तपासणी त्यावरच आधारलेली आहे.

पेयांतील ग्लुटेन : पेयात ग्लुटेन तीन मार्गांनी येते : (१) पेय मुळातच गहू, जव वा राय यांपासून बनविलेले असणे, (२) दाटपणा, स्वाद किंवा रंग आणण्यासाठी घातलेल्या पदार्थात ही धान्ये असणे, (३) दळण, साठवण, भांडी वा यंत्रे यांमधून त्यांचे पीठ मिसळणे. यांपैकी पहिला मार्ग ओळखणे सोपे असते. प्रत्यक्षात पथ्य पाळूनही त्रास कमी होत नाही, तेव्हा कारण बहुधा दुसऱ्या वा तिसऱ्या मार्गात सापडते.

उकळल्याने ग्लुटेनचा दोष जात नाही, कारण आतड्याला इजा करणारे त्याचे अंश उष्णतेने नष्ट होत नाहीत. गाळल्याने कण जातात, पण विरघळलेले व तरंगते सूक्ष्म अंश राहतात. आंबविल्याने प्रथिनाचे काही प्रमाणात विघटन होते. तथापि उरलेले तुकडेही अपायकारक असू शकतात. त्यामुळे ‘उकळून घेतले’, ‘गाळून घेतले’ किंवा ‘आंबविले’ ही कारणे पेय निर्धोक मानण्यास पुरेशी नाहीत. खपली, जोड, बन्सी इ. गव्हाचे सर्व प्रकार सारखेच वर्ज्य होत. ‘जुना देशी गहू बाधत नाही’ ही समजूत सीलिॲक रोगाच्या बाबतीत खरी नाही.

आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेच्या १९७९ मधील मानकात २००८ मध्ये सुधारणा होऊन ग्लुटेनमुक्त पदार्थासाठी १ किग्रॅ. मागे २० मिग्रॅ. ही कमाल मर्यादा ठरली. भारतातही हीच मर्यादा लागू आहे. दररोज १० मिग्रॅ. पेक्षा कमी ग्लुटेनने बहुतेक रुग्णांच्या आतड्याला इजा होण्याचा संभव नसतो; दररोज ५० मिग्रॅ. तीन महिने घेतल्यास इजा होते, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले. गव्हाच्या पिठात ग्लुटेन सु. ८ ते १० टक्के असते, म्हणजेच १० मिग्रॅ. ग्लुटेन पोटात जाण्यास सु. ०.१ ग्रॅ. पीठ पुरते. पेयांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पेय हे एका वेळी मोठ्या प्रमाणात घेतले जाते. मर्यादेच्या काठावर असलेले, म्हणजे १ किग्रॅ. मध्ये २० मिग्रॅ. ग्लुटेन असलेले पेय अर्धा लिटर प्यायल्यास त्यातूनच सु. १० मिग्रॅ. ग्लुटेन मिळते. म्हणून रोज भरपूर घ्यावयाचे पेय हे मुळातच धान्यविरहित असणे श्रेयस्कर होय.

वर्ज्य पेये : जव उकळून गाळलेले पाणी लघवीची जळजळ, मूतखडा व ताप यांवर घरोघरी दिले जाते, त्यात होर्डीन असल्याने ते वर्ज्य आहे. गव्हाचे सत्त्व तयार करताना गहू दोन-तीन दिवस भिजवून वाटतात, गाळतात व तळाशी बसलेला स्टार्च वाळवितात. या कृतीत प्रथिनाचा बराच भाग चोथ्याबरोबर जातो; पण घरगुती पद्धतीने तो संपूर्ण निघत नाही. लहान मुलांना व बाळंतिणींना दूध-साखरेत शिजवून देण्यात येणारे हे सत्त्व म्हणून टाळावे. नाचणीचे सत्त्व निर्धोक असते. मात्र विकतच्या मिश्रणात गहू वा जव नसल्याची खात्री करावी.

‘सातू’ या शब्दाने विशेष घोटाळा होतो. मराठीत सातू म्हणजे जव. परंतु ‘सातूचे पीठ’ या नावाने भाजलेले गहू किंवा जव व हरभऱ्याच्या डाळ्या यांचे एकत्र दळलेले पीठही ओळखले जाते. गूळ व पाणी किंवा दूध घालून ते उन्हाळ्यात पितात. बिहारमधील ‘सत्तू’ हे मुख्यतः भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ असले, तरी त्यातही कधीकधी जव मिसळतात. नावावर विसंबून न राहता पिठातील घटक विचारणे, हाच यावर उपाय आहे.

मोड आणून वाळविलेल्या व भाजलेल्या धान्याला माल्ट म्हणतात. तो बहुधा जवापासून करतात. जेम्स व विल्यम हॉर्लिक या बंधूंनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत माल्ट केलेले जव, गहू व दूध यांपासून भुकटी तयार केली. तिच्यापासून माल्टयुक्त दुधाच्या पेयांचा प्रसार झाला. भारतात अशी पेये मुले, वृद्ध व आजारातून उठलेली माणसे यांना शक्तिवर्धक म्हणून दिली जातात. ज्या मुलाची वाढ सीलिॲक रोगामुळे खुंटली आहे, त्याला ती वाढावी म्हणून असे पेय देणे म्हणजे रोगाचे कारणच रोज पाजणे होय. माल्टयुक्त बलवर्धके, माल्टचा स्वाद असलेले दूध व भाजलेल्या जवाची ‘कॉफी’ हीही वर्ज्य होत. गव्हांकुरांच्या कोवळ्या पात्यांत ग्लुटेन नसले, तरी रस काढताना दाण्याचा अंश मिसळू शकतो; त्यामुळे तोही टाळणे इष्ट. ओटमधील प्रथिन बहुतेक रुग्णांना सोसते, काहींना सोसत नाही; शिवाय बाजारातील ओटमध्ये गहू व जव यांची भेसळ सर्रास असते. म्हणून ओटपासून केलेली पेये ग्लुटेनमुक्त म्हणून प्रमाणित असतील तरच व वैद्यांच्या सल्ल्याने घ्यावीत.

जालना जिल्ह्यातील पेये : जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) व परभणी जिल्ह्यांतील भाग मिळून अस्तित्वात आला. हा अवर्षणप्रवण प्रदेश असून उन्हाळ्यात तापमान ४०° से. च्या वर जाते. त्यामुळे तेथे पेयांना आहारात मोठे स्थान आहे. ज्वारी व बाजरी ही येथील परंपरागत अन्नधान्ये होत व दोन्ही ग्लुटेनमुक्त आहेत. गेल्या काही दशकांत कापूस व सोयाबीन यांच्या प्रसाराबरोबर ज्वारीचे क्षेत्र घटले. ओलिताची सोय असलेल्या भागांत गहू पिकू लागला; रास्त भावाच्या दुकानांतूनही गहू व तांदूळ मिळतात. त्यामुळे एकाच घरात, एकाच गिरणीत व एकाच कोठीत ज्वारी आणि गहू शेजारी आले आहेत.

ज्वारीची आंबील हे येथील जुने पेय आहे. ज्वारीचे पीठ पाण्यात किंवा ताकात कालवून रात्रभर आंबवितात, सकाळी शिजवितात व निवल्यावर ताक, मीठ, जिरे घालून पितात. नाचणीची व बाजरीची आंबीलही अशीच करतात. आंबील मुळात ग्लुटेनमुक्त असून उन्हाळ्यात कष्ट करणाऱ्या माणसाला पाणी, मीठ व अन्न एकदम पुरविते. तिच्यातील धोका धान्यात नसून दळणात असतो. गिरणीच्या दगडांत व पीठ उतरण्याच्या मार्गात आधीच्या दळणाचे पीठ शिल्लक राहते. गव्हानंतर ज्वारी दळल्यास ते तिच्यात उतरते. आधी थोडी ज्वारी दळून बाजूला काढल्याने हे प्रमाण कमी होते. पण ते निर्धोक पातळीवर आले, याची खात्री देता येत नाही. घरी केवळ ग्लुटेनमुक्त धान्यांसाठी राखलेले जाते किंवा घरघंटी असणे उत्तम. तेही शक्य नसल्यास ज्वारी निवडून, धुऊन, भिजवून पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटावी व त्या वाटणाची आंबील करावी. त्यामुळे गिरणी पूर्णपणे टळते. रब्बी ज्वारी व गहू यांची मळणी साधारण एकाच हंगामात होते. तेच खळे, तेच मळणी यंत्र व तीच पोती वापरली जात असल्यास ज्वारीत गव्हाचे दाणे येतात. म्हणून दाणे निवडण्याचे काम या पथ्यात केवळ स्वच्छतेचे नसून उपचाराचाच भाग ठरते. हुलग्याचे माडगे, मुगाचे कढण व तांदळाची पेज यांनाही हाच नियम लागू आहे.

ताक व मठ्ठा यांत ग्लुटेन नसते, परंतु त्यांत घातलेल्या हिंगात ते असू शकते. शुद्ध हिंग अतिशय उग्र असल्याने बाजारात तो डिंक व स्टार्च किंवा पीठ मिसळून विकतात. हे पीठ अनेकदा मैद्याचे असते. लग्नकार्यातील मठ्ठा, पाणीपुरीचे पाणी, जलजीरा आणि फळांच्या रसावर भुरभुरावयाचा चाट मसाला यांत हिंग सर्रास असतो. घरी ताकाला जिरे, आले व कोथिंबीर लावावी किंवा तांदळाचे पीठ मिसळलेला हिंग घटक वाचून घ्यावा. कढीला लावलेले बेसन गिरणीतून आणलेले असल्यास त्यातही गव्हाचा अंश असू शकतो.

मोसंबी हे जिल्ह्याचे प्रमुख फळ असून २०१६ मध्ये जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक उपदर्शनाची (विशिष्ट प्रदेशाशी निगडित मालाची) नोंदणी मिळाली. मोसंबीचा ताजा रस ग्लुटेनमुक्त असून त्यातील क जीवनसत्त्वामुळे आहारातील लोहाचे शोषण वाढते. सीलिॲक रुग्णांत रक्तक्षयाचे प्रमाण मोठे असल्याने भाकरी व पालेभाजीच्या जेवणाबरोबर तो किंवा लिंबूपाणी घेणे उपयुक्त असते. उलट चहातील टॅनिनांमुळे लोहाचे शोषण घटते. म्हणून चहा जेवणाला लागून घेऊ नये. कैरीचे पन्हे, चिंचेचे सरबत, उसाचा रस, शहाळ्याचे पाणी व पाहुण्यापुढे ठेवावयाचे गूळपाणी ही सर्व पेये निर्धोक आहेत.

चहा व साधी कॉफी यांत ग्लुटेन नसते. तथापि खारी, टोस्ट किंवा बिस्किट बुडविलेल्या चहाच्या पातेल्यात वा कपात चुरा पडतो. एकाच कपातून चहा पिणे किंवा बशीत उरलेला चहा मुलाला देणे, या सवयी अशा घरात सोडाव्या लागतात. रुग्णाचे गाळणे, पेला व रवी वेगळी ठेवणे सोपे असते व ते पुरेसेही होते.

विकतची पेये : भारतात २०२० च्या लेबलविषयक विनियमांनुसार गहू, राय, जव, ओट व त्यांचे संकर यांचा अंश पदार्थात असल्यास तसे वेष्टनावर स्पष्टपणे छापणे बंधनकारक आहे. ‘माल्ट’, ‘माल्ट अर्क’, ‘बार्ली’, ‘मैदा’ व ‘गव्हाचे पीठ’ हे शब्द दिसल्यास पेय घेऊ नये. माल्टोडेक्स्ट्रीन हे नाव माल्टसारखे असले, तरी त्यात माल्ट नसतो. ग्लुकोज व ग्लुटामेट यांचाही ग्लुटेनशी संबंध नाही. ‘नैसर्गिक’, ‘पौष्टिक’ किंवा ‘शाकाहारी’ या शब्दांवरून ग्लुटेनविषयी काहीच बोध होत नाही. एकाच पेयाचे घटक कालांतराने बदलतात. म्हणून दर खरेदीला वेष्टन वाचावे. सर्वसाधारण वायुमिश्रित पेयांत ग्लुटेन नसते. माल्टयुक्त मद्यविरहित पेये याला अपवाद होत.

सुटे दूध, बासुंदी व मसाला दूध दाट करण्यासाठी पीठ मिसळलेले असू शकते. गार केलेल्या दुधात आयोडिनाचे थेंब टाकले असता निळा रंग आल्यास स्टार्चाची भेसळ आहे असे समजते. मात्र तो स्टार्च गव्हाचा, मक्याचा की तांदळाचा हे या परीक्षेने कळत नाही. फालुद्यातील शेव, बिस्किटाचा चुरा घातलेले दुधाचे पेय व उपहारगृहातील दाट सूप यांविषयी विचारपूस करावी. चहा-कॉफीच्या यंत्रातून माल्टयुक्त पेयही दिले जात असल्यास नळी व भांडे सामायिक असू शकते. अशा ठिकाणी पातेल्यात उकळलेला चहा बरा.

मद्ये : बिअर जवाच्या माल्टपासून करीत असल्याने ती वर्ज्य आहे. द्राक्षांपासून केलेल्या वाइनमध्ये ग्लुटेन नसते. व्हिस्कीसारखी मद्ये धान्यापासून केलेली असली, तरी ऊर्ध्वपातनात (वाफ करून व ती थंड करून द्रव वेगळा काढण्याच्या क्रियेत) प्रथिन मागे राहते; नंतर मिसळलेल्या स्वादद्रव्याविषयी मात्र खात्री करावी लागते. आफ्रिकेत ज्वारीपासून बिअर करतात. जवाची भर नसल्यास ती ग्लुटेनमुक्त असते. मद्याचे इतर अपाय यामुळे टळत नाहीत, हे उघड आहे.

आजारपणातील पेये : रसांकुर झिजलेले असताना दुग्धशर्करा पचविणाऱ्या लॅक्टेज या एंझाइमाचेही उत्पादन घटते. त्यामुळे निदानानंतरचे काही आठवडे वा महिने दूध प्यायल्यास पोट फुगते व अतिसार होतो. याचा अर्थ पथ्य चुकले असा नसतो. या काळात दुधाऐवजी दही व ताक बहुधा सोसतात; आतडे भरून आल्यावर दूध पुन्हा सुरू करता येते. हाडांच्या बळकटीसाठी लागणारे कॅल्शियम त्यातून मिळत असल्याने ते कायमचे बंद करू नये.

अतिसारात द्यावयाची जलसंजीवनी मीठ व ग्लुकोजयुक्त असते व ती ग्लुटेनमुक्त आहे. तांदळाची मीठ घातलेली पेजही चालते. अशा वेळी घाईने आणलेले जवाचे पाणी किंवा बिस्किट बुडविलेले दूध देण्याचा आग्रह होतो, म्हणून घरातील सर्वांना वर्ज्य पेयांची नावे ठाऊक असावीत. औषधी सिरपे व बलवर्धके घेण्यापूर्वी त्यांत माल्ट नसल्याचे वैद्याला वा औषधविक्रेत्याला विचारावे. मूल अंगणवाडीत किंवा शाळेत जात असल्यास तेथे मिळणाऱ्या खिरीत व पूरक आहारात गहू आहे काय, याची चौकशी करून शिक्षिकेला व सेविकेला रोगाची कल्पना द्यावी. ‘थोडेसे घेतल्याने काय होते’ हा प्रश्न आप्तेष्ट नेहमी विचारतात. थोडेसे घेतल्याने लगेच काही दिसले नाही, तरी आतड्याची इजा होतच असते. लक्षणे नसणे ही निर्धोकपणाची खूण नव्हे.

या पथ्याचा खर्च हा अनेक कुटुंबांपुढील प्रश्न आहे. ग्लुटेनमुक्त म्हणून विकले जाणारे पदार्थ महाग असतात आणि शिधापत्रिकेवर मिळणारा गहू रुग्णाला निरुपयोगी असतो. पेयांच्या बाबतीत मात्र हा खर्च बराचसा टाळता येतो, कारण ताक, आंबील, पेज, पन्हे, लिंबूपाणी व फळांचे रस यांसाठी खास पदार्थ विकत आणावे लागत नाहीत. घरातील सर्वांनीच ज्वारी-बाजरीची भाकरी व त्याच धान्यांची पेये स्वीकारल्यास वेगळी कोठी व वेगळी भांडी यांची गरज कमी होते, चुकून गव्हाचा अंश येण्याची शक्यता घटते आणि रुग्णाचे ताट इतरांपेक्षा वेगळे राहत नाही.